कामगार निवृत्त झाला की युनियन संपते का? आमच्या गटाची हकीकत आणि एक प्रश्न

मांजराकाठ

नमस्कार मंडळी.

मी साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होतो. 1983 ला लागलो, 2013 ला निवृत्त झालो. तीस वर्षं युनियनची वर्गणी पगारातून कटली. वेजबोर्डासाठी, म्हणजे पगारवाढीसाठी, गेटवर बसलो, दोनदा निलंबन झेललं. शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि पुढच्या महिन्यात युनियनच्या यादीतून नाव गेलं. त्यात कुणाचा डाव नव्हता. वर्गणी पगारातून, पगार थांबला की सभासदत्व थांबलं, असंच चालत आलेलं.

पेन्शन बसली महिन्याला दोन हजारांच्या आसपास.

2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, आम्ही सात जण बँकेसमोरच्या लिंबाखाली बसायचो. पेन्शन जमा झाली का बघायला सगळे एकाच बँकेत. एकाची पेन्शन आठ महिने बंद होती, कारण हयातीचा दाखला लागला नव्हता. दुसऱ्याची जन्मतारीख कारखान्याच्या कागदावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. आमच्यातले एक जण टाइम ऑफिसला होते, त्यांना फॉर्मांची माहिती. ते म्हणाले, उद्या येताना सगळे आपापली कागदं आणा. दुसऱ्या दिवशी सात पिशव्या आल्या. तीच आमची पहिली बैठक.

आज चार तालुक्यांतून माणसं येतात. दर महिन्याला बसतो. वर्गणी वर्षाला पन्नास रुपये, विधवा भगिनींना माफ.

आता प्रश्न असा. कारखान्यातल्या युनियनची नवी कमिटी म्हणते, तुम्ही आमच्यातच या, 'निवृत्त विभाग' करू. आमच्यात दोन मतं आहेत. तुमच्याकडं असे गट कसे उभे राहिले, कशावर टिकले आणि कशानं मोडले, ते सांगा.

गोदावरीचं_पाणी

स्वतंत्र राहा. नांदेडला आमची गिरणी बंद पडली तेव्हा युनियनचं ऑफिसही गेलं. कपाटं कुणी नेली, रजिस्टरं कुठं गेली, पत्ता नाही. पुढं सेवेचा पुरावा लागला तेव्हा माणसं बोनसच्या जुन्या पावत्या आणि कामगार विम्याची (ईएसआयची) कार्डं शोधत फिरली. तुमचा गट युनियनच्या खोलीत राहिला आणि उद्या कारखाना बंद पडला, तर तुमचेही कागद तसेच जातील. मराठवाड्यात बंद कारखान्यांची काय कमी आहे का?

वाळूज_बी_शिफ्ट

काकांच्या विरोधात नाही, पण माझं मत उलटं आहे. मी 34 वर्षांचा आहे, वाळूजला काम करतो. आमच्या लाइनवर निम्म्याहून जास्त पोरं कंत्राटी. पीएफ कापतात, पण पेन्शनच्या खात्यात किती जातं हे एकालाही माहीत नाही. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात हे मला एका निवृत्त टर्नर काकांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. निवृत्त माणसं बाजूला गेली की हे शहाणपणही बाजूला जातं. त्यामुळं आत या.

निवृत्त_वाहक_परभणी

सात पिशव्या वाचून अंगावर काटा आला. आमच्या परभणीत पण असंच झालं. मी एसटीत वाहक होतो, आम्ही पण ईपीएस-95 वालेच, म्हंजे पीएफातून मिळणाऱ्या 1995 च्या पेन्शन योजनेतले. लोकायला वाटतं एसटी म्हंजे सरकारी पेन्शन. कामून वाटतं कोण जाणे. मला 2,900 येतेत, बाईच्या गोळ्यालाच 1,800 जातेत.

आमची बैठक डेपोजवळच्या मारुतीच्या पारावर. पंच्याहत्तर पार केलेल्याला एसटी फुकट आहे 2022 पासून, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट. त्यामुळं लांबून येणारे सगळे म्हातारेच, आन तरुण (म्हंजे साठीचे) खर्चाला भितेत. म्हणून आम्ही ठरवलं की बैठक एका गावाला धरायची नाही. एकदा जिंतूर, एकदा गंगाखेड, एकदा पाथरी. बैठक फिरती ठेवल्यापासून माणूस वाढला.

मांजराकाठ

@निवृत्त_वाहक_परभणी, फिरत्या बैठकीची कल्पना घेतो. आमच्याकडं अहमदपूरकडची माणसं याच कारणानं गळाली होती.

कायदा_बघून

थोडं हिशेबाचं बोलतो, कारण बऱ्याच गटांत पहिल्या वर्षी भांडण होतं ते "तुला जास्त मला कमी" यावरून.

ईपीएस-95 योजना लागू झाली 16 नोव्हेंबर 1995 ला. पेन्शन = पेन्शनयोग्य पगाराची सरासरी × सेवेची वर्षं ÷ 70. पण पगार म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. मर्यादा सुरुवातीला 5,000, जून 2001 पासून 6,500 आणि सप्टेंबर 2014 पासून 15,000. धागाकर्ते 2013 ला निवृत्त झाले, म्हणजे पगार कितीही असो, त्यांचा हिशेब 6,500 वर. 1995 ते 2013 ही साधारण 18 वर्षं: 6,500 × 18 ÷ 70 म्हणजे 1,671 रुपये. 95 आधीच्या नोकरीचे वेगळे मिळतात, पण त्याची मूळ रक्कम 80 ते 170 रुपयांच्या घरातली, तिला गुणक लावतात. त्यावर महागाई भत्ता नाही. 2013 ला बसलेली रक्कम आजही तीच.

किमान पेन्शन 1,000 झाली 1 सप्टेंबर 2014 ला. त्याच्या आदल्या वर्षी भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं किमान 3,000 ची शिफारस केली होती.

गुरुजी_अंबड

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. आमचा संघ जुना आहे, दरवर्षी 17 डिसेंबरला पेन्शनर दिन साजरा करतो. 1982 साली त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं नाकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही भीक नाही, केलेल्या नोकरीचा हक्क आहे. तुम्हीही तो दिवस धरा. एक ठरलेली तारीख असली की संघटनेला शिस्त लागते.

बालाघाटचा_चिटबॉय

गुरुजी, राग मानू नका, पण तुमचा पेन्शनर दिन आणि आमचा वेगळा आहे. तुम्हाला शेवटच्या पगाराच्या निम्मी आणि वर महागाई भत्ता. मी कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय होतो, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या पोचवणारा, ऊसतोड टोळ्यांच्या मागं फडाफडातून सायकलवर फिरलो. मला मिळतात 1,240. गावात ज्याला श्रावणबाळचे 1,500 मिळतात तो विचारतो, तुम्ही तर कारखान्यात होता ना? काय उत्तर देऊ?

गुरुजी_अंबड

राग नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. म्हणूनच म्हणतो, आम्ही तुमच्यासोबत यायला पाहिजे. आमच्या संघाची अंबडला खोली आहे, आठवड्यातून पाच दिवस रिकामी असते. घनसावंगीकडचे कारखान्यातले कुणी निवृत्त असतील तर त्यांना बसायला देऊ, भाडं नको. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

लाडका_भाऊ_जालना

बहिणीला 1500, तीस वर्षं घाम गाळणाऱ्याला 1000. मतं कुणाला द्यायची ते ठरवा आता.

निवृत्त_वाहक_परभणी

@लाडका_भाऊ_जालना, पक्षाचं इथं आणू नका. आमच्या पारावर तीन पक्षाचे लोक बसतेत. पहिल्या दिवशीच ठरलं, पारावर पक्षाचं नाव काढायचं नाही. दोनदा मोडता मोडता वाचलो याच्यापायी. आन बायकायच्या ताटातलं काढून आपल्याला वाढा असं आम्ही कधीच म्हणलं नाही. माझ्या घरातली बाई पण घेती ते पैसे.

तेरणेची_लेक

मी या धाग्यावर फक्त वाचायला आले होते, पण लिहिते.

माझे वडील हंगामी कामगार होते. गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलमध्ये टाकतात तिथं. दिवाळीनंतर मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की कामावर, शिमग्याच्या पुढं-मागं कारखाना बंद झाला की घरी. दुष्काळाच्या वर्षी तर तीन महिन्यांतच हंगाम संपायचा. 1996 ते 2011 असे पंधरा हंगाम त्यांनी केले. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर त्यांना सांगितलं गेलं की तुमचे दिवस मोजले तर दहा वर्षं भरत नाहीत, त्यामुळं पेन्शन नाही, फॉर्म भरा आणि जमा असेल ते एकदम घेऊन जा. सहीसाठी कागदही पुढं केला. वडील कमी शिकलेले, पण त्यांनी सही केली नाही. "पंधरा साल गेलो, दहा कसे भरत नाहीत?" एवढंच म्हणत राहिले. तो कागद त्यांनी घडी करून देवघरात ठेवला.

2017 ला शेजारच्या गावातले एक मामा घरी आले, ते अशाच एका निवृत्तांच्या गटात होते. त्यांनी योजनेचं पुस्तक उघडून दाखवलं. त्यात लिहिलेलं आहे की हंगामी आस्थापनेतल्या कामगारानं वर्षात जेवढं काम केलं ते वर्षापेक्षा कमी असलं तरी पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे पंधरा हंगाम, पंधरा वर्षं. मामांनी प्रत्येक हंगामाची हजेरी आणि पगारपत्रक काढायला लावलं. तीन हंगामांचे कागद सापडेनात. तेव्हा त्याच गव्हाणीवरच्या दोघांनी सोबत येऊन जबाब दिले.

पेन्शन सुरू झाली. रक्कम हजाराच्या थोडी वर, आणि मागची थकबाकी एकदम आली. वडिलांनी त्यातून पहिल्यांदा काय केलं असेल तर गटाची पन्नास रुपयांची पावती फाडली. ती पावती त्यांच्या पाकिटात शेवटपर्यंत होती. 2021 ला ते गेले. आता आईला मिळते.

मला संघटनेतलं काही कळत नाही. पण तुम्ही युनियनमध्ये जा नाहीतर बाहेर राहा, हंगामी माणसांना विसरू नका. त्यांना युनियनमध्ये असतानाही कुणी विचारत नव्हतं.

बालाघाटचा_चिटबॉय

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार.

हंगामाचा हा नियम मला आज कळला. माझे सुरुवातीचे सहा हंगाम हंगामीच होते, नंतर कायम झालो. ते सहा धरलेत का बघतो.

मांजराकाठ

@तेरणेची_लेक, तुम्ही जे लिहिलं ते मी उद्याच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

@बालाघाटचा_चिटबॉय, बघता काय, पिशवी घेऊन या. पेन्शनच्या आदेशावर सेवेची वर्षं लिहिलेली असतात. तुमच्या हंगामांशी जुळवा. जुळली नाहीत तर कारखान्याकडून सेवेचा तपशील दुरुस्त करून घ्यावा लागेल, तेच काम सगळ्यात चिवट असतं. आमच्याकडं अशा सतरा-अठरा जणांची दुरुस्ती झाली. आणि खरं सांगू का, गट वाढला तो यानंच. भाषणानं एक माणूस आला नाही. एकाचं पासबुक दुरुस्त झालं की त्याच्या गावातले पाच जण पुढच्या बैठकीला बसलेले असतात.

तेरणेची_लेक

वाचा. हरकत नाही.

दुधना

अवांतर: हयातीच्या दाखल्याला अंगठा लागत नाही, त्याचं तुम्ही काय करता? आमच्याकडं जालन्यात रोलिंग मिलमधले निवृत्त आहेत. चाळीस वर्षं तापलेलं लोखंड हाताळून बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत. मशीनवर एकेक बोट लावून बघतात, सॅनिटायझरनं पुसतात, परत लावतात. मागच्या महिन्यात एका आजोबांची दहाही बोटं नाही घेतली. ते बोटांकडं बघत बसले. "कामात गेली की हो," म्हणाले.

वाळूज_बी_शिफ्ट

@दुधना, चेहऱ्यावरून होतं आता, मोबाइलवर. जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं फेस आरडीचं ॲप, दोन्ही टाका. उजेड समोरून पाहिजे, मागं खिडकी नको, आणि पापणी मिटायला सांगतात तेव्हा मिटायची. मी रविवारी आमच्या गल्लीतल्या अकरा जणांचे केले. टोपी काढायला मात्र दोन आजोबा तयार नव्हते, त्यांना समजावण्यातच जास्त वेळ गेला :)

आणि नोव्हेंबरातच करायचा असं ईपीएसला नाही. ज्या दिवशी कराल तिथून वर्षभर चालतो. त्यामुळं सगळ्यांनी नोव्हेंबरात रांगा लावू नका.

दुधना

हे माहीत नव्हतं. सोमवारीच त्या आजोबांकडं जातो.

गोदावरीचं_पाणी

मोठ्या लढ्याबद्दल कुणीच बोललं नाही. कागद दुरुस्त करून हजाराचे बाराशे होतील, पण मूळ योजनाच तोकडी आहे. 7,500 रुपये आणि महागाई भत्ता ही मागणी घेऊन बुलढाण्यात 2018 च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण चाललं. मी दिल्लीला दोनदा जाऊन आलो. नांदेडहून सचखंड पकडायची, प्रत्येक स्टेशनावर आपली माणसं चढतात: पूर्णा, परभणी, जालना, संभाजीनगर. पांढऱ्या टोप्या, हातात धपाट्यांचे डबे. मार्च 2020 पासून रेल्वेची ज्येष्ठांची सवलत बंद आहे, तरी लोक पूर्ण तिकीट काढून येतात. जंतरमंतरवर केरळचे, बंगालचे, तामिळनाडूचे निवृत्त भेटले. भाषा कळत नव्हती, पण त्यांनी पासबुक काढून दाखवलं आणि आम्ही आमचं दाखवलं. त्यानंतर बोलायची गरजच पडली नाही.

तुमचा गट फक्त फॉर्म भरणारं केंद्र होऊन राहू नये, एवढंच म्हणणं.

मांजराकाठ

हा मुद्दा माझ्या मनाला लागला. खरं आहे तुमचं. पण सुरुवातीला आम्हीही मोर्च्याच्या नावानं बोलावत होतो, तेव्हा येणारे तेच ते दहा-बारा होते. ज्याची पेन्शन आठ महिने बंद आहे तो दिल्लीला काय येणार. आधी त्याची पेन्शन चालू केली, मग तो स्वतःहून म्हणाला, कधी निघायचं. गेल्या खेपेला आमच्या तालुक्यातून बावीस जण गेले, त्यातले निम्मे तरी असे होते. दोन्ही कामं एकाच पिशवीतली आहेत.

गोदावरीचं_पाणी

मान्य.

भंडारी_काका

2022 च्या निकालानंतर जास्त पगारावर पेन्शन मिळते म्हणे, आपल्याला मिळेल का?

कायदा_बघून

@भंडारी_काका, सर्वोच्च न्यायालयाचा 4 नोव्हेंबर 2022 चा निकाल. 1 सप्टेंबर 2014 च्या आधी जास्त पगारावरच्या पेन्शनचा पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना त्याचा लाभ नाही. शिवाय पूर्ण पगारावर पीएफ भरलेला असावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत मर्यादेवरच भरलेला आहे. यावरून पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे फिरत होते. कुणाला पैसे देऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. नोंदणीचे दोन रस्ते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यानं सात जण पुरतात, आणि धागाकर्ते सातच होते :) पण आपल्या राज्यात मग 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली दरवर्षी हिशेब तपासणी, कमिटी बदलली की चेंज रिपोर्ट, हे सगळं येतं. कितीतरी चांगली मंडळं चेंज रिपोर्टपायी अडकून पडलेली बघितली आहेत.

दुसरा रस्ता युनियनचा. तेव्हाच्या 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात 2001 साली दुरुस्ती झाली तेव्हा स्पष्ट लिहिलं गेलं की निवृत्त झालेला किंवा कपात झालेला कामगार युनियनचा पदाधिकारी होण्यापुरता 'बाहेरचा' मानायचा नाही. निवृत्ताला युनियनमध्ये जागा नाही असं कुणी म्हणत असेल तर हे दाखवा. सभासदत्व कुणाला हे मात्र युनियनच्या घटनेवर असतं, ती दुरुस्त करून घ्यावी लागेल.

वाळूज_बी_शिफ्ट

हेच म्हणत होतो मी!

निवृत्त_वाहक_परभणी

दोन्ही करा न मग. जेवायला दोन घरं असली तर काय वाईट.

गोदावरीचं_पाणी

चालेल. पण कागद आपल्या घरी ठेवा. हे पुन्हा सांगतो.

मांजराकाठ

मंडळी, उशिरा लिहितोय, रविवारी बैठक झाली. चाळीसेक जण होते, त्यात नऊ भगिनी. तेरणेच्या लेकीचं लिहिलेलं वाचून दाखवलं. वाचताना मला मधे थांबावं लागलं, तेव्हा पुढचं एका ताईंनी वाचलं. त्यांचे मालक बॉयलिंग हाऊसला होते.

ठरलं ते असं. गट वेगळाच राहणार, पैसा आणि रजिस्टर आपल्याकडं. युनियनच्या कार्यकारिणीवर आपले दोघं बसतील, त्यातली एक जागा हंगामीतून निवृत्त झालेल्याची. बदल्यात आम्ही दर हंगामाला मोळी पडली की चालू कामगारांची सेवेची नोंद आणि वारसाची नोंद तपासून देणार, म्हणजे त्यांना आमच्यासारखं लिंबाखाली बसावं लागणार नाही. हे वाळूजच्या पोराच्या लिहिण्यावरून सुचलं. सगळ्यांना पटलं असं नाही. टाइम ऑफिसवाले आमचे जुने सोबती विरोधात बोलले, त्यांच्या मते कार्यकारिणीवर बसलं की मिंधेपण येतं. त्यांचा विरोध रजिस्टरमध्ये लिहून घेतला.

वर्गणी पन्नासच. बैठक यापुढं फिरती, पुढची अहमदपूरला. 27 तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, त्याच्या आदल्या दिवशी कागद जुळवायला बसू. येताना पेन्शनचा आदेश, पासबुक, आधार, शाळेचा दाखला आणि हंगामी असाल तर जे काही चिटोरं सापडेल ते आणा. फाटलं असेल तरी टाकू नका.

बालाघाटचा_चिटबॉय

येतो. पत्र्याच्या पेटीत चार हंगामांच्या पगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या, उंदरानं कोपरा खाल्लाय पण सही-शिक्का शाबूत आहे. दोन हंगाम राहिले, त्यांना साक्षीदार लागेल.

तेरणेची_लेक

काका, तुमचे ते दोन हंगाम कोणत्या सालचे? आणि कारखान्याच्या शेती खात्याच्या कोणत्या गटात होता? वडिलांची जुनी वही माझ्याकडं आहे, गव्हाणीवर चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पोरांची नावं त्यात लिहिलेली असायची. बघून सांगते.